धरलं, पण आत घेतलं नाही: जे.डी.च्या पेशींचं प्रकरण

रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की आपल्याकडे पहिला संशय तुपावर जातो, मग अंड्यांवर, मग वडापाववर. पण काही घराण्यांत ते जन्मापासूनच चढलेलं असतं, पथ्य पाळा किंवा मोडा. कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया हा तो आजार. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, आणि एलडीएल रिसेप्टर म्हणजे त्यांना धरणारं पेशीवरचं प्रथिन. या रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असेल तर कोलेस्टेरॉल साधारण ३०० ते ५०० मिलिग्रॅमच्या घरात राहतं, आणि हृदयविकार चाळिशी-पन्नाशीत, कधी त्याही आधी गाठतो. असे लोक दर अडीचशे-तीनशे माणसांत एक, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाहीत. दोन्ही प्रती बिघडल्या तर मात्र आकडा ६०० ते १२०० पर्यंत जातो. कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांच्या सांध्यांवर पिवळसर गाठी येतात, आणि हृदयविकाराचा झटका शाळकरी वयातही येऊ शकतो.

हे प्रकरण या दुसऱ्या गटातल्या एका रुग्णाचं आहे. वैद्यकीय वाङ्मयात तो फक्त 'जे.डी.' या दोन अक्षरांनी ओळखला जातो. त्याचा आजार बाहेरून पाहता इतरांसारखाच होता. वेगळेपण निघालं ते त्याच्या कातडीतून घेऊन काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये. पेशी बाहेरचा एखादा रेणू नेमका निवडून आत कसा घेते, हे १९७०च्या दशकात धूसर होतं. या एका रुग्णाच्या पेशींनी त्यातला मधला, सगळ्यात अवघड दुवा उघड केला.

जे.डी.च्या आधी

मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांची ओळख बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये उमेदवारी करताना झाली. पुढे दोघेही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले. तिथे गोल्डस्टीन यांनी सहा-आठ वर्षांची दोन भावंडं पाहिली, दोघांच्याही दोन्ही प्रती बिघडलेल्या. इतक्या कोवळ्या वयात हृदयविकार होतो याचं कारण एकाच जनुकात असेल, तर ते जनुक करतं तरी काय? हा प्रश्न घेऊन १९७२च्या सुमारास दोघं टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या वैद्यकीय शाळेत एकत्र कामाला लागले.

अडचण अशी होती की कोलेस्टेरॉलचा कारभार मुख्यतः यकृतात चालतो, आणि जिवंत मुलाच्या यकृतावर प्रयोग करता येत नाहीत. त्यांनी कातडीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी घेतल्या. यकृतातला बिघाड कातडीत दिसेलच असं नव्हतं. पण दिसला. निरोगी पेशींना एलडीएल असलेलं सीरम दिलं की कोलेस्टेरॉल बनवणारं त्यांचं एन्झाइम, एचएमजी-कोए रिडक्टेज, मंदावतं. बाहेरून माल येतोय, मग घरी कशाला बनवायचा? आजारी पेशींत हे एन्झाइम सीरम असूनही निरोगी पेशींच्या ४० ते ६० पट जोरात चालू होतं.

इथे कुणीही म्हणालं असतं की एन्झाइमच बिघडलंय. पण त्यांनी एलडीएलऐवजी अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कोलेस्टेरॉल थेट पेशींना दिलं, तेव्हा आजारी पेशींतलं एन्झाइमही मुकाट्याने मंदावलं. म्हणजे एन्झाइम ठीक होतं. एलडीएलच्या कणातलं कोलेस्टेरॉल पेशीच्या आत पोहोचत नव्हतं. एलडीएलचा कण सुमारे २२ नॅनोमीटरचा, पोटात कोलेस्टेरॉल एस्टरचे सुमारे दीड हजार रेणू, भोवती अपोलिपोप्रोटीन बी-१०० या एकाच लांबलचक प्रथिनाचा वेढा. एवढं मोठं धूड पेशीपटलातून झिरपून आत जाणं शक्यच नाही. त्याला ओळखून धरणारं काहीतरी पटलावर असायला हवं.

किरणोत्सारी आयोडीनची खूण लावलेलं एलडीएल वापरून १९७४मध्ये त्यांनी ते काहीतरी दाखवून दिलं. निरोगी पेशी एलडीएल घट्ट धरत, दोन्ही प्रती बिघडलेल्या बहुतेक रुग्णांच्या पेशी जवळपास धरतच नसत. रिसेप्टरचा पत्ता लागला.

बशीतला प्रयोग

पुढचा भाग मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यात यंत्रसामग्री फारशी नाही, फक्त तापमान आणि धीर आहे.

पेशी ४ अंश सेल्सिअसला थंड करायच्या. या तापमानाला पटल गोठल्यासारखं होतं. रिसेप्टर एलडीएलला धरू शकतो, पण आत काहीच जाऊ शकत नाही. खूण लावलेलं एलडीएल घालायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि न चिकटलेलं धुऊन काढायचं. आता पेशींवर जेवढी किरणोत्सारिता मोजली जाईल, ती सगळी पृष्ठभागावर धरलेल्या एलडीएलची. मग बशी ३७ अंशांवर आणायची आणि घड्याळ लावायचं.

आत गेलेलं आणि बाहेरच चिकटलेलं यांत फरक कसा करायचा? त्यासाठी हेपरिन. रक्त गोठू नये म्हणून दवाखान्यात देतात तेच. ऋण भार असलेला हा रेणू एलडीएलला रिसेप्टरपासून सोडवतो, पण पेशीच्या आत शिरत नाही. म्हणजे हेपरिनने धुतल्यावर जे सुटून येतं ते बाहेरचं, जे राहतं ते आतलं. तिसरा आकडा भोवतालच्या द्रवात मिळतो. लयकारिकेत, म्हणजे पेशीतल्या पचन करणाऱ्या पिशवीत, एलडीएलचं प्रथिन पचलं की खुणेचं आयोडीन सुट्या अमिनो आम्लाला चिकटलेल्या रूपात बाहेर येतं.

निरोगी पेशींत हे तीन आकडे एकामागोमाग हलताना दिसतात. ३७ अंशांवर आणल्यावर दहा मिनिटांच्या आत हेपरिनने सुटणारा हिस्सा कोसळतो आणि न सुटणारा वाढतो. तासाभरात द्रवातला आकडा चढू लागतो. क्लोरोक्विन घातलं तर लयकारिकेतलं पचन अडतं आणि एलडीएल आतच साचत जातं. धरणं, आत नेणं, पचवणं हे तीन टप्पे असे एकमेकांपासून सुटे मोजता येऊ लागले.

जे.डी.च्या पेशी या चाचणीला लावल्या तेव्हा पहिला आकडा नीट आला. पेशींनी एलडीएल धरलं. बशी ३७ अंशांवर आणली आणि दुसरा आकडा हललाच नाही. एलडीएल रिसेप्टरला चिकटून पृष्ठभागावर तसंच बसून राहिलं, हेपरिन घातलं की सुटून आलं. द्रवात पचलेलं काही उतरलं नाही आणि रिडक्टेजही मंदावलं नाही. इतर रुग्णांचे रिसेप्टर एलडीएल धरतच नव्हते. याचे धरत होते, पण आत घेत नव्हते. १९७६मध्ये हे 'सेल' या नियतकालिकात छापून आलं.

एक प्रथिन की दोन?

आता खरा वाद. धरणं आणि आत नेणं ही कामं एकाच प्रथिनाची की दोन वेगळ्या प्रथिनांची? दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. पटलावर एक धरणारं प्रथिन आणि शेजारी एक ओढून नेणारं, जे.डी.मध्ये फक्त ओढणारं बिघडलेलं, असं सहज असू शकलं असतं.

उत्तर सूक्ष्मदर्शकातून नाही, आईवडिलांच्या पेशींतून आलं. हा तर्क सावकाश वाचण्यासारखा आहे.

आईच्या पेशींनी एलडीएल निरोगी पेशींच्या साधारण निम्मंच धरलं, पण जेवढं धरलं तेवढं सगळं आत नेलं. म्हणजे तिची एक प्रत शाबूत आणि एक पूर्ण निकामी, काही न धरणारी. वडिलांच्या पेशींनी एलडीएल पूर्ण प्रमाणात धरलं, पण त्यातलं साधारण निम्मंच आत गेलं. म्हणजे त्यांच्याकडे एक शाबूत आणि एक 'धरणारी पण आत न नेणारी' प्रत. मुलाला आईकडून न धरणारी प्रत मिळाली आणि वडिलांकडून आत न नेणारी.

समजा धरणं आणि ओढणं ही दोन वेगळ्या जनुकांची कामं असती. मग आईकडून मुलाला धरणाऱ्याची बिघडलेली प्रत आली, तरी ओढणाऱ्याची चांगली प्रत तिच्याकडूनच आली असती. वडिलांकडून उलट, ओढणाऱ्याची बिघडलेली आणि धरणाऱ्याची चांगली. मुलाकडे दोन्ही कामांची एकेक चांगली प्रत असती आणि त्याच्या पेशींनी किमान काही प्रमाणात तरी एलडीएल आत नेलं असतं. प्रत्यक्षात जवळपास काहीच गेलं नाही. आईकडून आलेली निकामी प्रत वडिलांकडून आलेल्या सदोष प्रतीला कणभरही सावरू शकली नाही. हे तेव्हाच घडतं, जेव्हा दोन्ही दोष एकाच जनुकात, एकाच प्रथिनात असतात. जो रिसेप्टर धरतो, त्याच्यातच आत जाण्याची खूणही असते. ही कौटुंबिक तपासणी १९७७मध्ये प्रसिद्ध झाली.

इथे एक आडवळण. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्न करून देणं अजूनही अनेक घरांत चालतं. अशा लग्नांत एकाच पूर्वजाकडून आलेली एकच सदोष प्रत दोन्ही बाजूंनी मुलाला मिळण्याची शक्यता वाढते. जे.डी.च्या बाबतीत मात्र दोन प्रतींतले दोष वेगवेगळे होते, आणि म्हणूनच तो विज्ञानाला उपयोगी पडला. दोन्ही प्रती एकसारख्या असत्या तर वरचा तर्क करताच आला नसता.

डास, डुकराचा मेंदू आणि दोन टक्के पृष्ठभाग

पेशीपटलावरच्या छोट्या खळग्यांची गोष्ट याआधीची आहे. १९६४मध्ये थॉमस रॉथ आणि कीथ पोर्टर यांनी एडिस इजिप्ती डासाच्या मादीची वाढती अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रक्त प्यायल्यावर ही अंडपेशी बलकाचं प्रथिन भराभरा आत घेते. तिच्या पटलावर आतल्या बाजूने केसाळ अस्तर असलेले खळगे दिसले आणि तसंच अस्तर असलेल्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्याही दिसल्या. खळगा खोल होत जातो, तोंड मिटतं आणि सुटी पुटिका आत निघून जाते, असा त्यांचा अंदाज होता. डेंगी पसरवणाऱ्या डासाकडून जीवशास्त्राला एवढं तरी मिळालं.

हे अस्तर कशाचं, हे केंब्रिजमध्ये बार्बरा पिअर्स यांनी शोधलं. डुकरांच्या मेंदूतून त्यांनी अस्तरवाल्या पुटिका वेगळ्या केल्या, त्यांतलं मुख्य प्रथिन मिळवलं आणि १९७६पर्यंत त्याला क्लॅथ्रिन हे नाव दिलं. क्लॅथ्रिनचा एकेक घटक तीन पायांचा असतो. हे घटक एकमेकांत गुंतून पंचकोनी-षटकोनी जाळी विणतात. आपल्या विणलेल्या टोपलीची बांधणी बरीचशी अशीच.

डॅलसमध्ये रिचर्ड अँडरसन यांनी एलडीएलला फेरिटिन जोडलं. फेरिटिनच्या पोटात लोह असल्याने ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळ्या ठिपक्यासारखं दिसतं, म्हणजे एलडीएल कुठे बसलंय हे एकेक कण मोजून सांगता येतं. निरोगी फायब्रोब्लास्टच्या पृष्ठभागाचा जेमतेम दोन टक्के भाग अस्तरवाल्या खळग्यांनी व्यापलेला असतो, पण धरलेल्या एलडीएलपैकी निम्म्याहून बरंच अधिक त्याच दोन टक्क्यांत सापडलं.

जे.डी.च्या पेशींत खळगे होते, दिसायलाही नेहमीसारखे. एलडीएलही पृष्ठभागावर होतं. फक्त ते खळग्यांत नव्हतं, इतरत्र विखुरलेलं होतं. रिसेप्टरला आपल्या जागी जाताच येत नव्हतं. यामुळे खळगे ही सूक्ष्मदर्शकातली निव्वळ शोभा नसून आत जाण्याची वाट तीच आहे, हेही पक्कं झालं. १९७७च्या 'नेचर'मधला हा निबंध मला एखाद्या पोलीस तपासाच्या कागदासारखा वाटतो. संशयित हजर, ठिकाण हजर, फक्त संशयित त्या ठिकाणी नाही.

एका अक्षराची चूक

नेमका दोष कळायला आणखी नऊ वर्षं गेली. १९८४मध्ये मानवी एलडीएल रिसेप्टरचं जनुक हाती आलं. ते १९व्या गुणसूत्रावर आहे, आणि त्यातून ८३९ अमिनो आम्लांचा रिसेप्टर तयार होतो. बहुतेक प्रथिन पेशीच्या बाहेर, २२ अमिनो आम्लं पटलात, आणि शेवटची फक्त ५० आत, शेपटासारखी.

१९८६मध्ये जे.डी.ची वडिलांकडून आलेली प्रत वाचली गेली. शेपटातल्या ८०७व्या जागी टायरोसीनऐवजी सिस्टीन होतं, डीएनएतल्या एका अक्षराची अदलाबदल. बाकी ८३८ जागा नेहमीच्या. मग मुद्दाम त्याच जागी निरनिराळी अमिनो आम्लं बसवून पाहिली. फेनिलॲलनिन किंवा ट्रिप्टोफॅन बसवलं तर रिसेप्टर पूर्ववत आत जातो, कारण तीही टायरोसीनसारखीच वलय असलेली. इतर चालत नाहीत. पुढे १९९०पर्यंत स्पष्ट झालं की टायरोसीन एकटा नसतो. ॲस्पॅराजीन, प्रोलीन, मधलं कुठलंही एक आणि शेवटी टायरोसीन, अशी चार अमिनो आम्लांची खूण वाचली जाते.

वाचतं कोण? क्लॅथ्रिन स्वतः रिसेप्टरला शिवतसुद्धा नाही. मध्ये जोडणारी प्रथिनं असतात, एका बाजूला रिसेप्टरचं शेपूट धरणारी आणि दुसऱ्या बाजूला क्लॅथ्रिनला. २००१मध्ये डॅलसच्याच एका गटाने सार्डिनिया आणि लेबनॉनमधली अशी कुटुंबं अभ्यासली, ज्यांत मुलांना जे.डी.सारखाच आजार होता पण एलडीएल रिसेप्टरचं जनुक निर्दोष होतं, आणि आईवडिलांचं कोलेस्टेरॉलही बहुधा ठीक होतं. बिघडलं होतं ते शेपटावरची खूण ओळखणारं जोडप्रथिन, एआरएच. जे.डी.मध्ये खूण पुसलेली, इथे खूण वाचणारा गैरहजर. गंमत अशी की या रुग्णांच्या फायब्रोब्लास्ट पेशी एलडीएल बरंचसं व्यवस्थित घेतात, कारण तिथे दुसरं जोडप्रथिन ते काम उरकतं. यकृतात मात्र अडतं. १९७२मध्ये चुकून असा रुग्ण पहिला हाती आला असता तर कातडीच्या पेशींनी सपशेल दिशाभूल केली असती.

खळग्यानंतरचा प्रवास

जे.डी.च्या पेशींत जे घडत नव्हतं, ते निरोगी पेशीत असं घडतं. खळगा तयार झाल्यापासून तीन ते पाच मिनिटांत मिटतो. त्याची मान आवळून तोडण्याचं काम डायनामिन हे प्रथिन करतं. ते बिघडलेल्या फळमाश्या नेहमीच्या तापमानात उडतात आणि २९ अंशांवर लुळ्या पडतात, कारण चेतापेशींना वापरलेल्या पुटिका परत घेता येत नाहीत. सुट्या पुटिकेवरचं क्लॅथ्रिनचं अस्तर लगेच उतरतं आणि ती एंडोसोममध्ये, म्हणजे आत आलेला माल वेगळा करणाऱ्या कप्प्यात मिसळते.

एंडोसोम आतून आम्लधर्मी असतो, आणि इथे रिसेप्टरची करामत आहे. २००२मध्ये आम्लधर्मी स्थितीतला त्याचा त्रिमितीय आकार प्रसिद्ध झाला. त्यात रिसेप्टरचा पंख्यासारखा एक भाग वळून एलडीएल धरणाऱ्या भागावरच येऊन बसलेला दिसतो. आम्ल लागलं की रिसेप्टर स्वतःच आपली पकड सोडवतो. एलडीएल लयकारिकेकडे जातं, रिसेप्टर पटलावर परततो. एक फेरी साधारण दहा मिनिटांची, आणि रिसेप्टरचं आयुष्य साधारण वीस तासांचं. म्हणजे एकेक रिसेप्टर शंभराहून अधिक फेऱ्या मारतो. सुटलेलं कोलेस्टेरॉल मग रिडक्टेजला मंदावतं, जास्तीचं साठवायला लावतं आणि नवे रिसेप्टर बनवणंही कमी करतं. या कामासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

उपचारांत हा फरक कुठे दिसतो

रिसेप्टरची खरी कामगिरी यकृतात चालते, याचा पुरावा १९८४मध्ये मिळाला. दोन्ही प्रती बिघडलेल्या, सहा वर्षांच्या एका मुलीवर पिट्सबर्गमध्ये हृदय आणि यकृत दोन्हींचं एकत्र प्रत्यारोपण झालं. नव्या यकृतावर शाबूत रिसेप्टर होते. तिचं एलडीएल सुमारे ८० टक्क्यांनी उतरलं.

आज आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी स्टॅटिन औषधं अकिरा एंडो यांनी जपानमध्ये १९७०च्या दशकात बुरशीतून शोधलेल्या रेणूपासून सुरू झाली. ती रिडक्टेज रोखतात. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि ती पटलावर जास्त रिसेप्टर पाठवते. एक प्रत शाबूत असेल तर हे छान जमतं, कारण वाढणाऱ्या रिसेप्टरांत निम्मे तरी कामाचे असतात. पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शनं २०१५पासून आली. पीसीएसके९ हे प्रथिन रिसेप्टरला चिकटून त्याला पटलावर परत येऊ देत नाही, लयकारिकेत पाठवतं. ते अडवलं की रिसेप्टर जास्त फेऱ्या मारतात.

दोन्ही औषधांचा आधार एकच, कामाच्या रिसेप्टरांची संख्या वाढवणं. म्हणून अहवालात नुसतं 'दोन्ही प्रतींत उत्परिवर्तन' एवढं लिहिलेलं पुरत नाही. रिसेप्टर थोडा तरी चालतो का, की मुळीच नाही, यावर या औषधांचा उपयोग ठरतो. जे.डी.सारख्या जोडीत एका प्रतीचा रिसेप्टर धरत नाही आणि दुसऱ्या प्रतीचा खळग्यात पोहोचत नाही. असे रिसेप्टर पटलावर कितीही वाढवले तरी ते एलडीएल घेऊन तिथेच बसणार. अशा रुग्णांसाठी यंत्राने रक्तातून एलडीएल गाळून काढण्याचा उपाय बराच काळ मुख्य होता, दर आठवड्या-पंधरवड्याला, जन्मभर. २०२१मध्ये अमेरिकेत एव्हिनाक्युमॅब या प्रतिपिंडाला मान्यता मिळाली. ते एएनजीपीटीएल३ या प्रथिनाला रोखतं, आणि एलडीएल तयार होण्याआधीचेच कण रक्तातून लवकर निघून जातात. त्याचा परिणाम रिसेप्टर मुळीच न चालणाऱ्या रुग्णांतही दिसला, कारण त्या वाटेवर एलडीएल रिसेप्टरचं काम पडत नाही.